एप्रिल लागला की सिम्युलेटर बंद पडतो: ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरचे समस्या निवारण

दोष असा आहे. नागपूरहून मुंबईकडे निघालेले विमान तासभर व्यवस्थित उडते, सह्याद्री ओलांडून उतरणीला लागते, आणि धावपट्टी २७ च्या रेषेत येऊन ठाण्याची खाडी दिसू लागण्याच्या सुमारास चित्र क्षणभर गोठते आणि संगणकावर विमान उडवण्याचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० हा प्रोग्रॅम कोणताही संदेश न देता बंद होतो. समोर उरतो तो विंडोजचा डेस्कटॉप. क्वचित आवाजाचा एकच तुकडा खरखरत राहतो आणि संगणक बटण दाबूनच बंद करावा लागतो. निळी स्क्रीन मात्र तीन वर्षांत दोनदाच आली.

हा दोष माझ्याकडे सलग तीन वर्षे आला आणि तिन्ही वेळा एप्रिलमध्येच आला, ही गोष्ट लक्षात यायला मला तिसरे वर्ष उजाडावे लागले. पहिल्या वर्षी नेमके त्याच आठवड्यात सिम्युलेटरचे अद्यतन आले होते, म्हणून मी त्याला दोष दिला आणि सगळे पुन्हा नव्याने बसवले. दुसऱ्या वर्षी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर संशय घेऊन मागच्या चार आवृत्त्या एकेक करून तपासल्या. दोन्ही वर्षी जूनमध्ये त्रास थांबला आणि दोन्ही वर्षी मी त्याचे श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपायाला दिले. प्रत्यक्षात तो गुण पावसाचा होता. औषध घेतल्यावर ताप उतरला एवढ्यावरून औषध लागू पडले असे मानू नये, हे डॉक्टरांना सांगावे लागत नाही, पण संगणक दुरुस्त करणाऱ्यांना बहुधा सांगावे लागते.

यंत्राची माहिती आधी देतो, कारण पुढचे आकडे त्याच यंत्राचे आहेत. प्रोसेसर इंटेल कोअर आय-७ ८७००के आहे, म्हणजे ६ कोअर (स्वतंत्र काम करणारे गाभे) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), ऑक्टोबर २०१७ मध्ये बाजारात आलेला. झेड ३७० चिपसेटचा मदरबोर्ड, दोन पंख्यांचा उभा हीटसिंक, ३२ जीबी डीडीआर-४ रॅम ३२०० च्या एक्सएमपी प्रोफाइलवर (म्हणजे रॅम तिच्या जादा गतीवर चालवणाऱ्या तयार मांडणीवर), आणि आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. कारखान्यातून येताना हा प्रोसेसर एका कोअरवर ४.७ गिगाहर्ट्‌झपर्यंत आणि सर्व कोअर कामात असताना ४.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो. मी तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कारखान्याच्या मर्यादेपलीकडे गती वाढवून, सर्व कोअरवर ५.० ला नेला होता: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ मांडणीत) मल्टिप्लायर, म्हणजे गती ठरवणारा गुणक, ५०, कोअरचे व्होल्टेज १.३३, कॅशेची (प्रोसेसरच्या आतील जलद साठ्याची) गती ४.७, आणि एव्हीएक्स ऑफसेट २. यातला शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे, आणि मी ती तीन वर्षे पाहत असूनही मला दिसली नाही.

सिम्युलेटरसाठी प्रोसेसर पळवण्याची गरज मुळात का भासते?

फ्लाइट सिम्युलेटर हा प्रकार पहिल्यापासून एका थ्रेडवर भार टाकणारा आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये फ्लाइट सिम्युलेटर एक्स आला, त्याच्या दोन वर्षे आधीच पेंटियम ४ ची गती ३.८ गिगाहर्ट्‌झला येऊन थांबली होती आणि ४ गिगाहर्ट्‌झचा बेत इंटेलने सोडून दिला होता. पुढचा जमाना अधिक कोअरचा निघाला, तर सिम्युलेटरची हाडे एकाच वेगवान कोअरच्या हिशेबाने घडलेली. पुढे सर्व्हिस पॅक १ मध्ये भूभागाची चित्रे (टेक्श्चर) चढवण्याचे काम दुसऱ्या कोअरवर टाकण्याची सोय झाली, तरी मुख्य गाडा एकाच बैलाने ओढायचा हे बदलले नाही. ऑगस्ट २०२० च्या आवृत्तीत बरेच काम वाटून दिलेले आहे, परंतु विमानाच्या यंत्रणा, वाहतूक, कॉकपिटमधील पडदे आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या आज्ञा यांचा मेळ शेवटी मुख्य थ्रेडलाच घालावा लागतो. डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमची (सेकंदाला किती चित्रे बनतात त्याची) पट्टी उघडली की मोठ्या विमानतळाजवळ ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ असे दिसते, ते याचमुळे. ग्राफिक्स कार्ड निवांत बसलेले असते आणि प्रोसेसरचा एक कोअर घाम गाळत असतो.

ओव्हरक्लॉकिंगला हात घालण्यापूर्वी ही पट्टी पाहणे सोडू नये. तिथे ‘लिमिटेड बाय जीपीयू’ (म्हणजे ग्राफिक्स कार्ड अडवते आहे) असे लिहून येत असेल तर प्रोसेसर कितीही पळवला तरी फ्रेम वाढणार नाहीत. आणि मुख्य थ्रेडच अडवत असेल तरी हाती किती लागणार याचा हिशेब कागदावर करून पाहावा. मुंबईच्या उतरणीत ४.३ वर ३० फ्रेम मिळत असतील, तर सगळा लाभ गतीच्या प्रमाणात झाला असे गृहीत धरूनही ५.० वर ३५ च्या आत आणि ४.८ वर साडेतेहेतीस मिळतील. प्रत्यक्षात रॅमची वाट पाहण्यात वेळ जात असल्याने लाभ याहून कमीच असतो. म्हणजे ४.८ आणि ५.० यांच्यातील भांडण फार तर दीड फ्रेमचे आहे. मी हा हिशेब तिसऱ्या वर्षी केला. पहिल्या वर्षी केला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती, कारण ‘पाच’ या गोल आकड्याखेरीज तिथे राहण्याचे दुसरे कारण मला सापडले नसते.

प्रथम निर्दोष कोण, ते ठरवणे

सिम्युलेटर स्वतःच्या दोषानेही बंद पडतो, आणि बाहेरून दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशन या नोंदवहीत, क्रमांक १००० ची नोंद मिळते आणि तिच्यात अपवादाचा कोड बहुधा सी००००००५ असतो. हा कोड एवढेच सांगतो की प्रोग्रॅमने आपल्या मालकीच्या नसलेल्या स्मृतीच्या पत्त्यावर हात घातला आणि विंडोजने त्याला बाहेर काढले. पत्ता चुकला तो सदोष ॲड-ऑनमुळे (सिम्युलेटरला बाहेरून जोडलेल्या जादा भागामुळे), की व्होल्टेज अपुरे पडून प्रोसेसरने बेरीजच चुकीची केली म्हणून, हे त्या कोडवरून कळत नाही. म्हणूनच हा कोड दिसताच कोणी ‘ॲड-ऑन काढा’ आणि कोणी ‘व्होल्टेज वाढवा’ म्हणत असेल, तर दोघेही अंदाजच सांगत आहेत असे समजावे.

निवाडा करण्याचा मार्ग कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. बायोसमध्ये सर्व मूल्ये मूळ स्थितीवर आणावीत, एक्सएमपीसुद्धा बंद करावे. एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. ८७००के साठी रॅमची अधिकृत गती २६६६ आहे, त्यामुळे ३२०० ची रॅम लावून ‘मी काहीच बदललेले नाही’ असे म्हणता येत नाही. ग्राफिक्स कार्डाची गती वाढवली असेल तर तीही परत घ्यावी. कम्युनिटी फोल्डरमधील ॲड-ऑन मात्र या टप्प्यात जसेच्या तसे ठेवावेत, अन्यथा दोन गोष्टी एकदम बदलल्या जातात आणि कोणती लागू पडली ते कळत नाही. मग नेहमी बंद पडणारे उड्डाण, तेच विमान, तोच मार्ग आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ धरून निदान तीनदा करावे. मूळ गतीवरही सिम्युलेटर बंद पडला, तर दोष प्रोसेसरच्या गतीत नाही. तेव्हा ॲड-ऑन काढून पाहावेत, विंडोजची पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) कोणाच्या सल्ल्याने बंद केली असल्यास ती पुन्हा चालू करावी, आणि सिस्टीम नोंदवहीत क्रमांक ४१०१ ची नोंद आहे का ते पाहावे. ही नोंद ग्राफिक्सचा ड्रायव्हर गोठून पुन्हा उभा राहिल्याची असते.

माझ्या यंत्रावर मूळ गतीची तिन्ही उड्डाणे, एप्रिलच्या दुपारी, निर्विघ्न उतरली. दोष माझ्याच मांडणीत होता.

नोंदवहीतील कुजबुज

याच सिस्टीम नोंदवहीत डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या नोंदी शोधाव्यात. क्रमांक १८ म्हणजे प्रोसेसरला सावरता न आलेली चूक. तिच्या पाठोपाठ निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर बहुधा ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’, म्हणजे झीरो एक्स १२४ हा कोड असतो. क्रमांक १९ म्हणजे चूक झाली पण प्रोसेसरने ती ओळखून दुरुस्त केली. ही दुसरी नोंद फार मोलाची आहे, कारण ती काहीही बंद न पाडता आगाऊ सूचना देते, आणि आपण नोंदवही उघडत नाही म्हणून ती वाया जाते. माझ्याकडे एका एप्रिल महिन्यात क्रमांक १९ च्या २३ नोंदी होत्या, जवळजवळ सगळ्या ‘इंटर्नल पॅरिटी एरर’ प्रकारच्या, आणि त्यांच्या वेळा दुपारी बारा ते संध्याकाळी सहा या दरम्यानच्या होत्या. त्याआधीच्या जानेवारीत एकही नव्हती.

प्रोसेसरच्या आतील साठ्यांमध्ये माहितीबरोबर पडताळ्याचा एक जादा बिट ठेवलेला असतो. माहिती आणि पडताळा जुळला नाही की ही चूक नोंदली जाते. ओव्हरक्लॉक केलेल्या इंटेल प्रोसेसरवर अशा नोंदी येऊ लागल्या तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: त्या गतीला कोअरचे व्होल्टेज पुरत नाही. पडताळा सर्वच जागी नसतो. जिथे तो नाही तिथली चूक कुठेही नोंदली न जाता पुढे सरकते, चुकीचा पत्ता तयार होतो आणि सिम्युलेटर मुकाट्याने बंद पडतो. उलट, क्रमांक ४१ ची कर्नल-पॉवर नोंद पाहून पुष्कळजण लगेच एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलायला निघतात. ती नोंद केवळ ‘संगणक रीतसर बंद झाला नव्हता’ एवढेच म्हणते. आमच्याकडे वीज गेली तरी ती येते, आणि मे महिन्यात वीज किती वेळा जाते हे विदर्भातील वाचकांना सांगायला नको.

चाचणी उत्तीर्ण, उड्डाण अनुत्तीर्ण

आता मूळ प्रश्न. डिसेंबरमध्ये ही मांडणी ठरवली तेव्हा मी प्राइम९५ ही चाचणी रात्रभर, आठ तास चालवली होती. एकही चूक आली नाही. एवढी कठोर परीक्षा उत्तीर्ण झालेला प्रोसेसर त्याहून कितीतरी हलक्या कामात, विमान उडवताना, कसा पडतो? या प्रश्नाने मला दोन वर्षे भलत्याच वाटेने नेले, कारण ‘प्रोसेसर तर सिद्ध झालेला आहे’ असे मनात पक्के बसले होते.

उत्तर एव्हीएक्स ऑफसेटमध्ये होते. एव्हीएक्स या सूचना एका फटक्यात अनेक संख्यांवर काम करतात आणि त्यामुळे प्रोसेसर फार तापवतात. म्हणून बायोसमध्ये अशी सोय असते की या सूचना येताच मल्टिप्लायर ठरावीक अंकांनी खाली यावा. माझा ऑफसेट २ होता, म्हणजे एव्हीएक्स चालू झाले की गती ५.० वरून ४.८ वर येणार. प्राइम९५ च्या २७ व्या मालिकेपासूनच्या आवृत्त्या आपण होऊन एव्हीएक्स वापरतात. म्हणजेच त्या रात्रीचे आठ तास माझा प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्‌झवर चालला होता. ५.० ची चाचणी झालीच नव्हती. सिम्युलेटरच्या बहुतांश कामात मात्र एव्हीएक्सचा भार नसतो, त्यामुळे तिथे तो पूर्ण ५.० वर चालत होता, एकदाही न तपासलेल्या गतीवर आणि ४.८ ला पुरेल पण ५.० ला नाही अशा व्होल्टेजवर. परीक्षा एकाने दिली आणि नोकरीवर दुसराच रुजू झाला.

पडताळा सोपा आहे. प्राइम९५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत टॉर्चर टेस्टच्या खिडकीतच एव्हीएक्स बंद करण्याच्या खुणा असतात. त्या लावून चाचणी सुरू करावी आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (गती, व्होल्टेज आणि तापमान दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून कोअरची गती प्रत्यक्ष ५.० दिसते आहे ना, ते डोळ्यांनी पाहावे. मी हे एप्रिलच्या दुपारी केले तेव्हा तेराव्या मिनिटाला दोन थ्रेड चूक देऊन थांबले. तीन वर्षांचे कोडे तेरा मिनिटांत सुटले, याचा आनंद मानावा की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

ऑफसेटचा आणखी एक उपद्रव आहे. सिम्युलेटर, त्याचे ॲड-ऑन, ड्रायव्हर किंवा पाठीमागे चालणारा एखादा प्रोग्रॅम यांपैकी कोणी अधूनमधून एव्हीएक्स वापरले की गती खाली-वर होत राहते, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी प्रोसेसर निमिषमात्र थांबतो. उतरणीत विमान सरळ रेषेत असताना मधूनच बसणारे बारीक धक्के काही अंशी यातून येत होते, असे मी आता म्हणू शकतो, कारण ऑफसेट शून्य केल्यावर ते कमी झाले.

व्होल्टेजचा झोका

दुसरी गोष्ट भाराच्या स्वरूपाची. प्राइम९५ चा भार भरलेल्या मालगाडीसारखा असतो, एकदा लागला की लागला. सिम्युलेटरचा भार मुंबई लोकलसारखा आहे: एक कोअर कायम खचाखच, आणि बाकीचे भूभागाचा नवा तुकडा आला की एकदम भरतात, तो उलगडून झाला की रिकामे होतात. दाट वस्तीवर उतरताना, घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून जाताना, हे चढ-उतार सर्वांत जास्त होतात. प्रोसेसरने अचानक जास्त विद्युतप्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर खचते. आणि भार टिकून राहिला की ते ठरवलेल्या आकड्याच्या खालीच स्थिरावते. बायोसमध्ये १.३३ लिहिलेले असताना भाराखाली मला १.२७ दिसत असे.

हा उतार भरून काढण्यासाठी मदरबोर्डावर लोड-लाइन कॅलिब्रेशन ही सोय असते. दुसऱ्या वर्षी मी ती सर्वांत वरच्या पातळीवर नेली आणि आकडा सरळ झाला म्हणून समाधान मानले. हे चुकीचे होते. पातळी फार वर नेली की भार अचानक सुटताना व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळी घेते, उष्णता वाढते, आणि स्थिरता वाढतेच असे नाही. शिवाय एचडब्ल्यूइन्फो मूळ मांडणीत दर दोन सेकंदांनी एकदा वाचन घेते, तर हा झोका सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबातला. तो तिथे दिसण्याची अपेक्षाच ठेवू नये. पातळी मधली ठेवावी, खचणारे व्होल्टेज गृहीत धरावे, आणि भाराखाली प्रत्यक्ष किती मिळते याच आकड्यावर विचार करावा.

ज्यांनी उष्णता कमी करण्यासाठी ऋण ऑफसेटने व्होल्टेज उतरवले आहे, त्यांच्याकडे याच दोषाचे उलटे रूप दिसते. सिम्युलेटर भाराखाली नीट चालतो आणि मुख्य मेनूत, किंवा उड्डाण थांबवून चहाला उठल्यावर, संगणक गोठतो. असा ऑफसेट सर्व गतींना लागू होतो, त्यामुळे मंद गतीचे आधीच कमी असलेले व्होल्टेज आणखी खाली जाते. दोष नेमका कोणत्या क्षणी येतो, याची वही ठेवावी, ती यासाठीच.

पौषातला आकडा वैशाखात चालत नाही

हीटसिंक हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो खोलीच्या तापमानावर एक ठरावीक अंतर राखतो. डिसेंबरच्या रात्री माझ्या खोलीत २० अंश असतात आणि सिम्युलेटरमध्ये प्रोसेसर ६८ पर्यंत जातो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर ४३ ते ४५, खिडकीला वाळ्याचा कूलर लावूनही खोलीत ३६, आणि प्रोसेसर ८५ वर. (नागपुरात ‘कूलर’ म्हटले की आधी खिडकीतलाच कूलर डोळ्यांसमोर येतो, प्रोसेसरच्या कूलरला म्हणूनच मी हीटसिंक म्हणत आहे.) ८७००के ची स्वतःला आवरण्याची मर्यादा १०० अंशांची आहे, त्यामुळे ८५ पाहून मी निर्धास्त होतो. परंतु १०० ही प्रोसेसरने गती उतरवण्याची मर्यादा आहे, ओव्हरक्लॉक टिकण्याची नव्हे. ओव्हरक्लॉकच्या काठावर चालणाऱ्या प्रोसेसरला तापमान चढले की त्याच गतीसाठी थोडे अधिक व्होल्टेज लागते. डिसेंबरमध्ये शिल्लक असलेली तुटपुंजी सवलत एप्रिलच्या त्या १६-१७ अंशांनी खाऊन टाकली, एवढाच काय तो चमत्कार.

यावर व्होल्टेज वाढवणे हा पहिला मोह होतो आणि उन्हाळ्यात तो टाळावा. प्रोसेसरची चल उष्णता गतीच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२६ व्होल्टला ४.८ आणि १.३३ ला ५.० यांची तुलना केली तर गती ४ टक्के वाढते आणि उष्णता सुमारे १६ टक्के. दीड फ्रेमसाठी ही किंमत फार आहे. ८७००के च्या धातूच्या झाकणाखाली डाखेऐवजी थर्मल पेस्ट आहे, त्यामुळे झाकण उचलून आतील पेस्ट बदलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना बराच उतार मिळतो. मी ते केलेले नाही. कॅबिनेटच्या जाळ्या ब्लोअरने साफ करणे मात्र दिवाळीच्या साफसफाईपुरते न ठेवता मार्चच्या शेवटी पुन्हा एकदा करावे. त्याने मला ४ अंश फुकट मिळाले.

शेवटी ठरलेली मांडणी

मी रॅमपासून सुरुवात केली. प्रोसेसर मूळ गतीवर ठेवून फक्त एक्सएमपी चालू केले आणि मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या करून घेतल्या. एक्सएमपी लावल्यावर काही मदरबोर्ड मेमरी कंट्रोलरशी संबंधित व्हीसीसीआयओ आणि सिस्टीम एजंट ही दोन व्होल्टेजे आपल्या मनाने बरीच वर नेतात. मी ती अनुक्रमे १.१० आणि १.१५ वर हाताने बांधली. त्यानंतर कॅशेची गती ४.७ वरून ४.३ वर आणली. तिचा सिम्युलेटरमधील लाभ मला मोजता येण्याइतका नव्हता आणि कोअरच्याच व्होल्टेजवर तिचा भार पडत होता, त्यामुळे या निर्णयाबद्दल विचार करावा लागला नाही. मग मल्टिप्लायर ४८, एव्हीएक्स ऑफसेट शून्य, लोड-लाइन मधल्या पातळीवर, आणि व्होल्टेज १.२४ पासून सुरू करून चूक आली की ०.०१ ने वर. १.२६ वर एव्हीएक्ससह आणि एव्हीएक्सशिवाय अशा दोन्ही चाचण्या उत्तीर्ण झाल्या. हे सगळे दुपारी दोन ते पाच या वेळेत केले, कूलरमधले पाणी संपू देऊन. जी मांडणी मे महिन्यात टिकते तिला डिसेंबरची चिंता नसते. उलट दिशेने हे खरे नाही.

एका वेळी एकच मूल्य बदलले आणि प्रत्येक बदलानंतर तेच नागपूर-मुंबई उड्डाण केले, कारण चाचणीचा प्रोग्रॅम जे पकडत नाही ते उतरण पकडते. यात तीन आठवडे गेले. नंतरच्या दोन महिन्यांत क्रमांक १९ ची एकही नोंद आली नाही.

फ्रेम ज्या गेल्या त्या दुसरीकडून सहज परत मिळाल्या. टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (भूभाग किती दूरपर्यंत बारकाईने दाखवायचा तो आकडा) २०० वरून १२० वर आणणे आणि कॉकपिटमधील पडद्यांच्या ताजेपणाचा दर मध्यम ठेवणे, या दोन गोष्टींनी मुख्य थ्रेडचे ओझे ५.० गिगाहर्ट्‌झपेक्षा जास्त हलके केले. त्यावर फ्रेम ३० ला बांधून ठेवल्या की उतरण गुळगुळीत होते. ३० आणि ३८ च्या मध्ये हिंदकळणाऱ्या फ्रेमपेक्षा स्थिर ३० डोळ्यांना बरे वाटतात. नवा संगणक घेणाऱ्याला तर मी ओव्हरक्लॉकिंगचा विचारच करू नये असे सांगेन. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर कुलूपबंद आहे, तरी ९६ एमबी एल-३ कॅशेच्या जोरावर तो या सिम्युलेटरमध्ये अधिक गतीच्या प्रोसेसरांना मागे टाकतो. रॅमची वाट पाहण्याचा वेळच त्याने कमी केला आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ज्यांच्याकडे आहेत आणि ज्यांचा सिम्युलेटर मूळ गतीवरही असाच बंद पडतो, त्यांनी वरचे काहीही करण्याआधी बायोस अद्ययावत करावे. त्या पिढ्यांतील अवाजवी व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. आधीच झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने बरा होत नाही, तो हमीत बदलून घ्यावा लागतो.

वर्षानुवर्षे जास्त व्होल्टेजवर चाललेल्या प्रोसेसरला त्याच गतीसाठी हळूहळू थोडे अधिक व्होल्टेज लागू लागते, ही बाब हिशेबात धरलेली बरी. यंदा मार्चच्या अखेरीस क्रमांक १९ ची एक नोंद पुन्हा दिसली. मी जाळ्या साफ केल्या, व्होल्टेज १.२७ केले, दोन्ही चाचण्या दुपारी पुन्हा घेतल्या, आणि वहीत तारीख टाकली.